तेराव्यानंतर येणारे सर

नाशिक शहरात काही काम नसताना लोकांच्या घरी जाणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका आमच्या समोरच्या घरात राहतो. काम नसताना माणूस कोणाकडे जातो, यावर माझा विश्वास नाही. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात माझी उमर गेली. जावक दिसली की तिच्यासमोरची आवक शोधायची, ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही. त्यामुळे समोरचे सर संध्याकाळी खांद्याला कापडी पिशवी अडकवून जिना उतरले की मी गॅलरीतून बघत असे आणि मनात म्हणत असे, या माणसाला यातून मिळतं काय? निवडणुकीला उभं राहायचं असेल म्हणावं, तर निवडणुका आल्या आणि गेल्या, सरांनी अर्ज भरला नाही. विम्याची एजन्सी असेल म्हणावं, तर माझ्या बायकोनं एकदा सरळच विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, माझाच विमा नाही." उरली एकच शक्यता. सर ख्रिस्ती होते. हे कळलं त्या दिवशी मला आवक सापडल्यासारखं वाटलं.

सर म्हणजे टायपिंगवाले सर. शालीमारच्या बाजूला, एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर, लांबट खोलीत त्यांची टंकलेखन संस्था होती. नव्वदच्या दशकात कारकुनाची नोकरी हवी तर आधी टायपिंगची परीक्षा पास व्हावी लागे, त्यामुळे मुलामुलींची गर्दी असे आणि खोलीतून दिवसभर पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येई. अशा चालत्या धंद्यात मालकानं खुर्ची सोडू नये. सर ती भर दुपारी सोडत. मी एकदा पुतणीच्या प्रवेशासाठी गेलो तर खुर्ची रिकामी. "सर कुठे गेले?" मी विचारलं. "कोणीतरी आजारी आहे," एक मुलगी मशीनवरची नजर न काढता म्हणाली. "कोण?" "ते आम्ही नाही विचारत काका. रोज कोणीतरी असतंच." तरीही संस्थेचा निकाल चांगला लागे. नापास झालो तर सर घरी येऊन बसतील, या धास्तीनं मुलं सराव करत असावीत, असं मी त्याचं कारण लावलं होतं.

आमच्याकडचं वर्तमानपत्र सर सकाळी वाचायला नेत. परत येई तेव्हा निधन वार्तांचं पान वर घडी घातलेलं असे. सरकार पडलं, कांदा भडकला, सरांना पत्ता नसे. पण पंचवटीत कोणाची सून गेली आणि मागे लहान मुलं कोणाकडे आहेत, हे ते नीट सांगत. जिथे जात तिथे ओळख असायलाच हवी, असंही नव्हतं. आमच्या वाण्याचे सासरे सरकारी दवाखान्यात होते. सर त्यांना बघायला गेले. मधल्या काळात खाट बदललेली. सर ज्याच्याजवळ बसले तो पिंपळगावचा टेंपोवाला निघाला. दोघं बराच वेळ एकमेकांसमोर होते. टेंपोवाल्याला वाटलं, मालकानं माणूस पाठवलाय. सरांना वाटलं, वाण्याचे सासरे वयाच्या मानानं फारच तरुण दिसतात. चूक कळल्यावर शहाणा माणूस हसून विषय सोडतो. सर दुसऱ्या दिवसापासून दोघांकडे जायला लागले. "का हो?" मी विचारलं. "त्याला आता सवय झाली ना," ते म्हणाले, जणू माझाच प्रश्न चमत्कारिक होता.

त्या पिशवीबद्दलही मला शंका होती. आत पत्रकं असतील, छोटी पुस्तकं असतील, अशी माझी अटकळ. एकदा सर खाली पाण्याच्या टाकीपाशी बोलत थांबले आणि पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवलेली राहिली. तिला चेन नव्हती, त्यामुळे मी आत पाहिलं असं म्हणणं बरोबर होणार नाही, आतलं दिसलं. एक रुमाल, आलेपाकाच्या वड्या, रेडिओचे सेल आणि नेलकटर. नेलकटरचा मला काही उलगडा होईना. शेवटी विचारलंच. "आजारी माणसाचं सगळे सगळं बघतात," सर म्हणाले, "ताप बघतात, लघवी बघतात. नखं कोणी बघत नाही. नखं वाढली की माणसाला वाटतं, आपल्याला सोडून दिलं." हे ऐकल्यावर माझा संशय कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. इतका विचार करणारा माणूस पुढचाही विचार करून ठेवत असणार.

सांत्वनाचा त्यांचा एक नियम होता. तेराव्यापर्यंत ते कोणाकडे फिरकत नसत. "तोवर माझी गरज नसते हो," ते म्हणत. "सतरंजीवर बसायला जागा नसते. मंडपवाला सतरंज्या गोळा करून नेतो, पाहुणे एसटीत बसतात, मग मी जातो." आणि निघताना ते म्हणत, "उद्या येतो." आता आपल्याकडे दुःखाच्या घरातून निघताना येतो असं म्हणत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. माणूस मुकाट्यानं उठतो, हात जोडतो, चालू लागतो. पुन्हा तशा कारणानं येणं नको, हा त्यातला भाव. सरांचा जन्म नाशिकचा, हयात हिंदू शेजारात गेलेली, त्यांना हे माहीत नसेल असं मी मानायला तयार नव्हतो. तरी ते बिनदिक्कत म्हणत. दोन-तीन घरांतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना तोंडावर अपशकुनी म्हटलं होतं.

हा माणूस एके दिवशी आमच्याच घरात येऊन बसला. मनमाडला माझी थोरली बहीण असते. तिचे यजमान रेल्वेत होते, सकाळी दाढी करता करता गेले. मूलबाळ नाही. दिवसपाणी आटोपून मी ताईला नाशिकला घेऊन आलो. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाटावर बसायची ती बसायचीच. बोलणं नाही. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, बाईंची इच्छा दिसत नाही. आम्ही इच्छा आणायचा प्रयत्न केला. मी तिला पेन्शनचे कागद समजावून सांगितले. बायकोनं पोथी वाचली. फोनवरून नातेवाईक धीर देत. ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि आणखी बारीक व्हायची. एक दिवस बायको मला म्हणाली, "वन्संचं असंच चाललं तर त्या दिवाळी बघत नाहीत." मी तिच्यावर ओरडलो नाही, कारण हिशेब माझाही तोच येत होता.

सर आले, समोर खुर्ची ओढून बसले, "वाईट झालं ताई," म्हणाले आणि गप्प झाले. पंखा फिरत राहिला. मी एकदोनदा खाकरलो. काही वेळानं ते उठले आणि म्हणाले, "उद्या येतो." बायकोनं त्यांना दारात गाठलं. "सर, असं म्हणू नये हो." "पण मी येणार आहे उद्या," ते म्हणाले. "मग काय म्हणू?" बायको माझ्याकडे बघू लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला लागलो.

ते रोज यायला लागले. मीही रजा काढून पाळत ठेवली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि एक अक्षर न वाचता कान देऊन ऐकायचो. ऐकण्यासारखं काहीच नसे. मग एका संध्याकाळी सरांनी विचारलं, "मनमाडला पाणी अजून तसंच येतं का हो ताई? आठ-आठ दिवसांनी?" ताईनं मान हलवली. "मग साठवता कशात?" ताईनं पदर सारखा केला. "पिंपात," ताई म्हणाली. मनमाडहून आल्यापासून तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. बायको ओट्यापाशी पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. मी मात्र सावध झालो. हे लोक धर्मात घेताना पाण्यापासून सुरुवात करतात, असं मी ऐकून होतो.

त्यात ताईचे धाकटे दीर मनमाडहून आले. त्यांनी सरांना एकदा बघितलं आणि मला गॅलरीत नेलं. "पाहुणं, हा माणूस रोज कशाला येतो? लय गोड बोलत्यात हे लोक. वहिनीला फिरवतील."

"ते बोलतच नाहीत," मी म्हणालो.

"मग तर लय डेंजर," ते म्हणाले.

दोन्ही बाजूंनी पुरावा सरांविरुद्धच जात होता. मी समोरचं दार वाजवलं. आडवळणानं बोलणं मला जमत नाही. "सर, स्पष्ट विचारतो. ताईला तुमच्या धर्मात न्यायचं आहे का?"

"ताईंना सध्या स्वयंपाकघरातून गॅलरीत न्यायचंय," सर म्हणाले. "ते जमलं तरी पुष्कळ."

"पण मग यात तुमचं काय?"

ते जरा ओशाळले. "आमची आई म्हणायची, वर गेल्यावर प्रभू विचारणार, खाली असताना कोणाकोणाकडे जाऊन आलास? पाठांतर नाही विचारणार. मला बरं वाटलं होतं ऐकून. माझं पाठांतर कच्चं होतं."

"तिच्यासाठी प्रार्थना करता?"

"करतो की. पण ती आमच्या घरी. तुमच्याकडे मी बसायला येतो."

मी म्हणालो, लोक बोलतात, तुम्ही येणं थांबवलंत तर बरं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "बरं," ते म्हणाले. "घर तुमचं आहे. पण ताईंना उद्या येतो म्हणून सांगून आलोय. उद्या येऊन त्यांना सांगतो आणि मग नाही येत."

दुसऱ्या दिवशी ते आले. दीर बाहेरच्या कॉटवर, मी उंबऱ्यात, बायको ओट्याशी. सर खुर्चीवर न बसताच म्हणाले, "ताई, उद्यापासून मी येणार नाही." ताईनं खिडकीकडून मान वळवली. "कोण म्हणालं?" सर पंख्याकडे बघू लागले. "मी म्हणालो," मी म्हणालो. "लोक बोलतात, ताई."

"बोलतातच ना," ताई म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पण लहानपणी माझ्या हातातून पतंग काढून घेताना असायचा तोच होता. "तू बोलतोस, ही बोलते, भाऊजी मनमाडहून बोलायला येतात. मी बरं व्हावं म्हणून सगळे बोलतात. हा एक माणूस नुसता बसतो, तर त्याला घालवतोस?" "सर, बसा तुम्ही," ती म्हणाली आणि मग बायकोला, "अगं, चहा टाक सगळ्यांना. मला सोबत खायला दे काहीतरी. भूक लागलीय." दीरांनी चहा घेतला, दोनदा घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना मला जिन्यात म्हणाले, "माणूस तसा बरा वाटतोय. पण लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. ताई गॅलरीत बसायला लागली, मग भाजी निवडायला लागली, मग बायकोच्या भाजीला नावं ठेवायला लागली. तिची एकादशी सुटली नाही. आणि एका संध्याकाळी सर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ताई पदर खोचून समोरच्या दारात गेली. "दोन दिवस आला नाहीत सर."

"ताई, तुम्ही आता बऱ्या आहात."

"मग?"

"मग काय," सर म्हणाले.

ताईला ते फार लागलं. दोन दिवस ती घुश्शात होती. "बरी आहे म्हणतात तर माझ्या घरी जाते," म्हणाली आणि खरोखरच पिशवी भरून मनमाडला गेली. अजून आहे, एकटी राहते, पाणी भरते, भांडते.

सरांच्या आयुष्यात कधी काही विपरीत घडलं असेल, एखादं मूल गेलं असेल, म्हणून ते असे झाले असतील, असाही मी एक अंदाज बांधून बघितला. त्यांच्या बायकोला विचारलं. बाई हसल्या. "नाही हो भाऊ. देवाच्या दयेनं आमचं सगळं नीट झालं. म्हणून तर यांना वेळ आहे." तोही अंदाज बाद झाला.

पुढे संगणक आले. टायपिंगची मशीनं भंगारात गेली, त्या खोलीत आता सरांचा भाचा कॉम्प्युटर शिकवतो आणि सरांना अख्खा दिवस मोकळा मिळतो. त्यांचे गुडघे दुखतात, तरी जिना उतरताना कठडा धरून ते घाईत असतात. आमच्याकडे ते येत नाहीत. येण्यासारखं काही नाही. मुलगी मार्गी लागली, बायकोची साखर ताब्यात आहे, माझी निवृत्ती जवळ आली आहे आणि कागद तयार आहेत. आमच्या घरात सगळं जागच्या जागी आहे.

कधी जिन्यात समोरासमोर आलो की सर एक पायरी खाली थांबतात. माझ्या तोंडाकडे नीट बघतात. "बरं आहे ना सगळं?" विचारतात. "बरं आहे," मी सांगतो, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. "छान," ते म्हणतात आणि कोणाच्या तरी घराकडे चालू लागतात. मी किल्ली हातात घेऊन दारात उभा राहतो आणि ते फाटकाबाहेर जाईपर्यंत माझ्या मनात येत राहतं, की एखादी छोटीशी तक्रार सांगून बघायला काय हरकत होती.