दादाने पाठवलेला पत्ता

आमच्या घरातला कॉम्प्युटर मूळचा दादाच्या पडद्यांच्या दुकानातला. तिथे नवा आल्यावर हा जुना डबा घरी आला आणि स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळकांडीत बसला, कारण प्लग तिथेच होता. त्यामुळे वहिनी कामाला बसली की अंघोळीला जाणारा प्रत्येक माणूस तिच्या खांद्यावरून डोकावून जातो. मीही डोकावते. मी नणंद आहे, मला तो हक्कच आहे.

लग्नाआधी वहिनी एका ऑफिसात वेबसाइट बनवायची. मुलगी शाळेत जायला लागली की पुन्हा नोकरी धरायची, असं ठरलं होतं. मुलगी आता पाढे म्हणायला लागली, तरी ते घोंगडं भिजतच होतं. शेवटी तिच्या जुन्या मैत्रिणीने एका कंपनीत शब्द टाकला. कंपनी म्हणाली, इतक्या वर्षांनी येताय, तर शुक्रवारपर्यंत काहीतरी नवं बनवून दाखवा. दवाखान्याच्या वेळा ठरवून देणारी छोटी साइट. आवडली तर नोकरी तुमची.

साइट बनवायची तर आधी घरच्या मशीनवर आपल्यापुरता सर्व्हर उभा करावा लागतो. म्हणजे बाहेर कुणाला न दिसता ती चालवून, मोडून, दुरुस्त करून बघता येते. तिथेच गाडं अडलं. सर्व्हर सुरूच होईना. वहिनीने खोदून खोदून शोधलं, तर दादाचा बिलांचा जुना प्रोग्राम मशीन चालू होताच तिच्या सर्व्हरच्या जागी, त्याच पोर्टवर, ठाण मांडून बसत होता.

"हा थोडा वेळ बंद ठेवू का रे?" तिने दादाला विचारलं.

"त्याला हात लावू नकोस. जुनी बिलं आहेत त्यात."

"बिलं कुठे जात नाहीत. नुसता बंद करते."

"नको म्हटलं ना. तुझं दुसरीकडे बसव कुठेतरी."

तिने बसवलं. दुसरा पोर्ट दिला, डेटाबेस जोडला, लाल अक्षरांतल्या चुका एकेक करून निपटल्या. मला तिचा रागच आला. भांडली का नाही? लग्न होऊन आल्यापासून ती हेच करतेय, कुणाला न उठवता आपल्यापुरती जागा शोधतेय. पण भांडून शुक्रवार काही पुढे गेला नसता.

बुधवारी साइट चालली. पेशंट म्हणून तिने आम्हालाच भरलं होतं. बाबांना दाताचे डॉक्टर, आईला गुडघ्याचे आणि मला कानाचे.

"मला नीट ऐकू येतं," मी म्हटलं.

"तुम्हाला जरा जास्तच येतं, ताई. ते कमी करून मिळतं का बघा," ती म्हणाली. इतकी खुशीत मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

दादाही बघून गेला. "झाली की! पाठवून टाक."

"अजून बाहेर, इंटरनेटवर टाकायची आहे. आत्ता ती फक्त या मशीनवर आहे. उद्या टाकते, मग पाठवू."

दादाने मान हलवली. त्याची मान कळायच्या आधीच हलते, हे मी लहानपणापासून बघतेय.

माझा भाऊ वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण घरातून बाहेर जे जातं ते त्याच्या हातून जातं, हा आमचा रिवाज. विजेची तक्रार, शाळेचा अर्ज, माझी लग्नाची माहितीसुद्धा. वहिनीचा जुना ईमेल वापराविना बंद पडला, तेव्हापासून सगळ्यांचा मिळून एकच, तोही दादाच्या फोनमध्ये. कंपनीला त्याचाच ईमेल आणि त्याचाच नंबर दिलेला होता.

गुरुवारी वहिनी मुलीच्या शाळेत पालकसभेला गेली. दादाला वाटलं, ही घोळ घालत बसेल आणि वेळ निघून जाईल. त्याने साइट उघडली, वरच्या पट्टीत दिसत होता तो पत्ता जसाच्या तसा उतरवला आणि कंपनीला पाठवून दिला. तिला खूश करायचं होतं त्याला.

वहिनी परत आली, पाणीसुद्धा न पिता मशीनसमोर बसली. साइट बाहेर टाकली, माझ्या फोनवर उघडून खात्री केली आणि दादाला म्हणाली, "हा पत्ता पाठव."

"अगं, कधीच पाठवला! त्यांचा फोनही येऊन गेला."

"काय म्हणाले?"

"म्हणे, उघडत नाही. मी सांगितलं, आमच्याकडे मस्त उघडते, तुमचंच इंटरनेट तपासा. मॅडमना द्या म्हणाले. म्हटलं, काय ते मला सांगा. मी काय कमी ऐकवलं होय!"

वहिनी भिंतीला टेकली. दादाने पाठवलेला पत्ता होता 'लोकलहोस्ट'. त्याचा अर्थ 'हेच मशीन'. जो कॉम्प्युटर तो उघडेल, तो स्वतःच्याच पोटात साइट शोधेल. कंपनीतल्यांनी शोधली असणार, आणि त्यांना हसूही आलं असणार.

तिने मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण म्हणाली, "आता काही होणार नाही गं. ते म्हणतात, बाईला एवढंसुद्धा येत नाही, आणि वर नवऱ्याला भांडायला पुढे करते."

दादाचा चेहरा खरोखर पडला. "जाऊ दे. दुसरी कंपनी बघू. तू नुसतं नाव सांग, मी पाठवतो."

"मला माझा वेगळा ईमेल हवाय," वहिनी म्हणाली.

"वेगळा कशाला? आहे की आपला."

"एवढं करतो बिचारा तुझ्यासाठी," आई म्हणाली.

ईमेल उघडायला वहिनीला दोन मिनिटं लागली असती, कुणाला विचारायची गरज नव्हती. ती मागत होती ते दुसरंच काहीतरी, आणि ते मला कळत होतं. मी तोंड उघडेपर्यंत ती उठली.

"दूध उतू जाईल, बघते," म्हणाली आणि आत गेली. गॅसवर काहीच ठेवलेलं नव्हतं.