सरपंचबाईंचा पसंतीक्रम

वत्सलाबाई सोमकुवर सात वर्षं सरपंच होत्या. मुदत पाचच वर्षांची, पण पंचायतीच्या निवडणुका लांबत गेल्या म्हणून सात झाली. या सात वर्षांत तुम्ही सरपंचाच्या खुर्चीवर किती वेळा बसलात, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांना आठवावं लागलं नाही.

"दोनदा जी. एक डाव शपथेच्या दिवशी, अन् एक डाव फोटोवाला आला होता तवा."

बाकीचे सगळे दिवस त्या खुर्चीवर त्यांचा नवरा शालिकराम बसत होता. संत्र्याच्या बागांत तोडणीची टोळी घेऊन जाणारा मुकादम तो, आणि बायको निवडून आल्यापासून 'सरपंच पती'. आमच्याकडे हा हुद्दा लग्नपत्रिकेत छापतात, फ्लेक्सवर लावतात, आणि कोणाला त्याची लाज वाटत नाही. गाव मोहगावच्या पुढे आहे. नाव सांगत नाही, कारण आसपासचं कुठलंही नाव घातलं तरी चाललं असतं. हे लिहिताना मला राग येतोय आणि तो मी आवरणार नाही.

मी धनश्री, पांढुर्ण्याची. सौंसरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. माझ्या नेमणुकीला 'अतिथी विद्वान' म्हणतात. नाव भारी आहे, पण कायमचा प्राध्यापक बदली होऊन आला की त्याच दिवशी अतिथीने घरचा रस्ता धरायचा. खऱ्या पाहुण्याला निदान जाताना चहा तरी विचारतात. मे महिन्यात प्रवेश सुरू झाले की आम्हा अतिथींना कागदपत्रं तपासायच्या टेबलावर बसवतात. वर पंखा गरम हवा फेकत असतो आणि समोर रांग असते. मार्कशीट, टीसी, मूल निवासी म्हणजे रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला. आता जिल्हा पांढुर्णा झाला, पण जुन्या दाखल्यांवर छिंदवाडाच आहे, मग हा चालेल का मॅडम, हा प्रश्न दिवसातून शंभरदा.

गेल्या वर्षी त्या रांगेत वत्सलाबाई आल्या. मी मान वर न करता हात पुढे केला.

"मुलीची मार्कशीट द्या, काकू."

"मार्कशीट माहीच हाय."

मग मी पाहिलं. वय चव्वेचाळीस. ओपन बोर्डातून बारावी, त्रेसष्ट टक्के. मागची दोन पोरं खुसखुसली. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं, आणि त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. मी शहाणपणा शिकवला. म्हटलं, "रेग्युलर कशाला? प्रायव्हेट फॉर्म भरा ना. घरी बसून परीक्षा देता येते."

"घरी बसूनच सात वर्षं सरपंच होती, मॅडम. आता मले वर्गात बसाचं हाय."

पोरांचं हसू थांबलं. मी विषय विचारला. "राज्यशास्त्र," त्या म्हणाल्या.

हा विषय मागणारे मी पुष्कळ पाहिलेत. कोणाला कळलेलं असतं की पेपर सोपा येतो, कोणाला स्पर्धा परीक्षेत कामी पडेल असं वाटतं, आणि निम्म्यांना दुसरं काही मिळालेलं नसतं. हा माझा विषय, दहा वर्षं शिकवलेला, आणि इथं त्याची किंमत उरलंसुरलं घेण्याइतकी. म्हणून मी सवयीने विचारलं, राज्यशास्त्रच का? रांग होती, उन्हं तापली होती, तरी त्या बाईंनी मला नीट सांगितलं.

गावात पाण्याची टाकी मंजूर झाली होती. जागा ठरली ती बौद्ध मोहल्ल्याच्या वरच्या टेकाडावर, कारण तिथून साऱ्या गावाला उतार आहे. एक दिवस वत्सलाबाई कणीक मळत होत्या. शालिकरामने कागद आणला, म्हणाला, सही कर, बाबू थांबला आहे. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि सही केली. तो जागा बदलायचा ठराव होता. टाकी नाल्यापलीकडे गेली, मोठ्या लोकांच्या मळ्यांजवळ. शालिकरामला तिकडच्यांशी वाईटपणा घ्यायचा नव्हता, एवढंच.

"आता आमच्या मोहल्ल्याच्या बाया पाण्याचे गुंड डोक्यावर घेऊन माह्या दारावरून जातात. शिव्या नाही देत कोणी. नुसतं दाराकडं पाह्यतात," त्या म्हणाल्या. "सही माहीच हाय, मॅडम. कोणी हात धरून नाही केली. आठवी झाली होती माही, वाचता येत होतं. वाचलं नाही. घटनेनं मले खुर्ची देल्ली म्हणतात. कोणत्या कलमानं देल्ली, माह्या हातात काय काय होतं, थो ठराव मले मोडता येत होता का, हे मले शिकाचं हाय."

कलम दोनशे त्रेचाळीस ड, पंचायतीतल्या राखीव जागांचं. मी दरवर्षी शिकवते. पुस्तकात त्याच्याखाली आठदहा ओळी आहेत, मुलं त्यांखाली रेघ मारून ठेवतात आणि परीक्षेत लिहितात की यामुळे महिलांचे सक्षमीकरण झाले. मी पाचपैकी चार गुण देते. दहा वर्षांत त्या वाक्यावर मी एकदाही लाल रेघ ओढली नाही. त्या दुपारी मला त्या चार गुणांची शरम वाटली.

मग मी एक कोरा कागद घेतला आणि मनापासून हिशेब मांडला, कारण एवढंच माझ्या हातात होतं. छिंदवाड्याचं एक मोठं कॉलेज, आमचं, आणि पांढुर्ण्याचं एक. गेल्या वर्षी त्यांच्या प्रवर्गातल्या बायकांची यादी राज्यशास्त्रात किती टक्क्यांवर थांबली, ते तिन्हींसमोर लिहिलं. वत्सलाबाईंनी प्रश्न विचारले, आणि असे प्रश्न मला कोणा पालकाने कधी विचारले नव्हते.

"तुमच्या इथं हा विषय शिकवणारे किती?"

"मी."

"तुमी गेल्या तं?"

"तर कोणी नाही."

"पुस्तकं?"

"कपाटात आहेत."

"किल्ली?"

किल्ली बदली होऊन गेलेल्या सरांबरोबर गेली होती. हे सांगताना माझे कान लाल झाले. छिंदवाड्याला तीन कायमचे शिक्षक होते, वाचायची खोली होती, आणि यादी एकोणसाठवर थांबली होती. वत्सलाबाईंकडे त्रेसष्ट होते. मी म्हटलं, जागा तुमचीच समजा, फक्त सौंसरहून पहाटेची बस धरावी लागेल. त्या म्हणाल्या, "तोडणीले त्याहून लवकर जात होती मी." क्रम त्यांनी स्वतः लावला. पहिलं छिंदवाडा, दुसरं आमचं, तिसरं पांढुर्णा, आणि तिन्हीकडे राज्यशास्त्र. कागदाची घडी करून त्यांनी ती ब्लाउजमध्ये ठेवली. फॉर्मवरचा मोबाइल नंबर मी वाचून दाखवला, हाच ना म्हणून. त्या हो म्हणाल्या. तो फोन कोणाच्या खिशात असतो, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पहिली यादी लागली त्या दिवशी त्या आल्या आणि छापील कागद माझ्यासमोर ठेवला. आमचंच कॉलेज. विषय, गृहविज्ञान.

मला वाटलं ऑनलाइन प्रवेशाच्या पोर्टलचा घोळ असेल. उघडून पाहिलं तर घोळ काही नव्हता. शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी पसंतीक्रम बदललेला होता. आधी भरलेल्या तिन्ही पसंत्या पुसलेल्या, त्यांच्या जागी ही एक. बदलायला ओटीपी लागतो. मी बस स्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवाल्या विजयला फोन लावला. तो बिनघोर म्हणाला, "काकाजी स्वतः आले होते मॅडम. ओटीपी त्यांनीच सांगितला."

काकाजी बाहेर फाटकाशीच उभे होते. मी त्यांना आत बोलावलं. शालिकराम आला तो नमस्कार करत आला, चेहऱ्यावर कसलाही गुन्हा नाही.

"मी का वाईट केलं जी? छिंदवाडा दूर हाय. राज्यशास्त्र घेऊन का पुन्हा सरपंच व्हाचं हाय तिले? गृहविज्ञान बाईच्या कामाचं. इथंच होऊन जाईल, सांजच्याले घरी."

"तुम्ही त्यांना विचारलं होतं?"

"ओटीपी माह्या फोनवर आला, मॅडम," तो अगदी समजावून सांगू लागला. "माह्या फोनवर आला म्हणजे मलेच विचारलं ना?"

मला जे सुचलं ते मी बोलले. टेबलावर हात आपटला, बाजूच्या अतिथींनी मान वळवून पाहिलं. तुम्हाला अक्कल आहे का, सात वर्षं खुर्ची खाल्ली ती पुरली नाही का, असंही म्हणाले. वयाने मोठ्या माणसाशी असं बोलू नये, आणि मला त्याचा अजून पश्चात्ताप झालेला नाही. पण वत्सलाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तुमी कायले बोलून राहिल्या? थांबा." मग त्याच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "तवा टंकी नेली. आता माहं बाकडं नेलं. हा बी ठरावच झाला."

शालिकराम खालीही बघत नव्हता, नुसता न समजल्यासारखा उभा होता, आणि त्याच गोष्टीचा मला जास्त राग आला. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. तो चांगला माणूस आहे, दारू पीत नाही, हात उगारत नाही, बायकोच्या परीक्षेला तिला मोटरसायकलवर सोडून आला होता. फक्त तिचं आयुष्य त्याच्या खिशात वाजतं आणि तो उचलतो, यात त्याला कधी काही वावगं दिसलं नाही.

दुसरी फेरी होती. मी जागा पाहिल्या. छिंदवाड्याला त्यांच्या प्रवर्गात शून्य. पांढुर्ण्याला शून्य. आमच्याकडे राज्यशास्त्रात दोन. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, गेल्या वर्षी दुसरी फेरी एकसष्टवर थांबली होती, तुमचं जमू शकतं, पण दोनच जागा आहेत, छातीठोकपणे सांगत नाही. त्यांनी विचारलं, "नंबर बदलता येते?" येतो, पण अर्ज द्यावा लागतो, प्राचार्यांची सही लागते, आणि हातात तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावावर सिम आणलं. अर्ज मी लिहून देते म्हटलं तर नको म्हणाल्या. बाहेरच्या कट्ट्यावर बसून पाऊण तासात त्यांनी पाच ओळी लिहिल्या, हिंदीत, कारण इकडचं सरकारी काम हिंदीतच चालतं. 'मेरा मोबाइल नंबर मेरे पति का है' इथपर्यंत आल्यावर त्या थांबल्या, ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'अब तक मेरा नंबर मेरा नहीं था.' प्राचार्य वाचून हसले, पण सही केली.

त्यांना जागा मिळाली, हे इथंच सांगून टाकते. आमच्या कॉलेजात, राज्यशास्त्रात, बासष्टवर यादी थांबली. छिंदवाड्याची वाचनाची खोली आणि ते तीन शिक्षक मात्र गेले ते गेलेच. एकोणसाठ-साठवाली कोणीतरी मुलगी तिथं बसली असेल, तिचं भलं होवो, तिच्यावर माझा राग नाही. वत्सलाबाईंच्या वाट्याला मी आले, आणि मीही इथं कोणाच्या बदलीची ऑर्डर येईपर्यंतच. कपाटाचं कुलूप मात्र मी शिपायाकडून फोडून घेतलं.

पण मला सांगायची होती ती दुसऱ्या फेरीची दुपार. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर विजयच्या सेंटरवर गेले. आत दहाबारा पोरं, एक कूलर आणि जामसांवलीच्या देवळात आलेल्या यात्रेकरूंची तिकिटं काढणारा एकजण. शालिकरामही आला होता. कोणी बोलावलं नव्हतं. दाराशी उभा राहिला. विजयने भराभर टाइप केलं आणि सवयीने म्हणाला, "लॉक करू का, काकू?"

"वाच."

"बरोबर आहे काकू, मी टाकलं."

"मोठ्यानं वाच. सारं."

मागची पोरं कुरकुरली. विजयने वाचलं. कॉलेजचं नाव, विषय, प्रवर्ग. त्यांनी मागचा कागद ब्लाउजमधून काढला, बोट ठेवून ताडून पाहिला, आणि त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, कर.

त्यांच्या हातातला फोन वाजला. शालिकरामचा हात आपसूक पुढे आला.

"आण, मी सांगतो."

वत्सलाबाईंनी फोन दिला नाही. डोळ्यांजवळ धरला आणि आकड्यांच्या पुढचं शब्द शब्द वाचू लागल्या. "यह ओटीपी... किसी को... न बताएँ." त्यांनी मान वर केली. "याच्यात लिहिलं हाय. कोणाले सांगू नका म्हणून."

"हो ना," शालिकराम म्हणाला. "थे तं दरवेळेसच लिहून येते."

कूलर चालू होता. विजयचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं.

"दरवेळेस?" वत्सलाबाईंनी विचारलं.

या खेपेला शालिकरामला समजलं असावं, कारण पुढे आलेला हात त्याने मागे घेतला आणि शर्टाला पुसला. बाईंनी विजयला खुर्चीवरून उठवलं, त्या जागी स्वतः बसल्या आणि एका बोटाने, एकेक पाहून, सहाही आकडे दाबले.