आत्याचा तिसरा पक्ष

माझे वडील फोन करत नाहीत. आलेला फोन उचलायचे, दोनदा 'हां, हां' म्हणायचे आणि आत्याच्या हातात द्यायचे. त्यामुळे त्या दुपारी भोरला आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मोबाईलवर 'दादा' अशी अक्षरं दिसली, तेव्हाच मी तपासायची वही मिटून उठले. पलीकडून बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "आक्का गेली गं..." आणि पुढं काहीच नाही. फोन बंद करायचंही त्यांना सुचलं नसावं. शेळ्यांचं ओरडणं, कुणाची तरी धावपळ, मध्येच दादांचं नाक ओढणं... मी वह्यांच्या ढिगाऱ्यासमोर उभी राहून ते सगळं ऐकत राहिले.

हौसाआत्याला जाऊन आता महिना होऊन गेला. सकाळी शेळ्या सोडल्या, उन्हाला बसली आणि बसल्या जागी गेली. कुणाला उठवलं नाही की कुणाची सेवा घेतली नाही. गुंजवणे गावाच्या वर, राजगडाच्या अंगाला आमची धनगरांची वाडी आहे. नवरा लवकर गेल्यावर आत्या तिथं माहेरी परत आली, आणि पुढं माझी आई गेली तेव्हा मी आपोआप आत्याच्या पदराखाली गेले. तिनं मला मारलं भरपूर, शिकवलं त्याहून भरपूर. आता अशा बाईवर पुरवणीत लेख लिहावा असं तिनं काय केलं, असं कुणी विचारेल. तर तिनं एक सिनेमा पाहिला. दरवर्षी तोच.

पण त्याआधी दादांचं सांगायला हवं, कारण त्यावाचून त्या सिनेमाला आमच्या वाडीत काही अर्थ नाही. दादा तरुणपणी पुणे-सातारा रस्त्यावर टेम्पो चालवायचे. वाडीत येताना डोळ्यांवर गॉगल आणि पिशवीत माझ्यासाठी फरसाण असायचं. वाडीतल्या बायका त्यांना 'हिरो आला' म्हणून चिडवायच्या आणि ते लाजायचे. त्याच दिवसांत आसपासच्या वस्त्यांवरून मेंढरं चोरीला जात होती. आमच्या शेजारच्या धोंडिबाआबांचीही गेली होती. एक दिवस दादांनी टेम्पो खाली रस्त्याला लावला आणि जेवायला वर आले. टेम्पोत मेंढरं होती. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं बाजारातून घेतलीत, ती पोचवायचीत, असं ते म्हणाले. मेंढरं खाली ओरडत असताना घरात स्वस्थ बसणारी आत्या नव्हती. कळशी घेऊन ती त्यांना पाणी दाखवायला गेली.

आमच्याकडं प्रत्येक घराचा मेंढराच्या कानावर आपापला काप असतो. कुणाचा टोकाला, कुणाचा बुडाशी, कुणाचे दोन. कळपात कळप मिसळले तरी माणसं कान बघून आपलं जनावर बाजूला काढतात. धनगर दुसऱ्याच्या मेंढराकडं बघतो तो आधी कानाकडंच. आत्यानं टेम्पोत हात घातला आणि तिच्या बोटांना धोंडिबाआबांचा काप लागला.

ती वर आली. मी चुलीपाशी होते, मला सगळं आठवतं. तिनं हात धुतले, दादांना नाचणीची भाकरी वाढली, त्यावर कुळथाचं कालवण ओतलं, वर आणखी अर्धी भाकरी आग्रहानं वाढली. दादा पोटभर जेवले, पाणी प्यायले. मग ती म्हणाली, "भिवा, ऊठ. चौकीला जायचंय. म्या संगं येते." दादा हात धुऊन उठले. मग ती केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसली, मेंढरं मागं, आणि दादांनी स्वतः टेम्पो चालवत पोलीस चौकी गाठली. वाडीला वाटलं, बहीण-भाऊ नसरापूरच्या बाजाराला चाललेत. संध्याकाळच्या एसटीनं आत्या एकटी परतली आणि मग सगळ्यांना कळलं. टोळी सापडली, धोंडिबाआबांची मेंढरं परत आली, आणि दादांना शिक्षा झाली. 'मला बाजारातली म्हणून सांगितलं होतं, मी कान बघितले नाहीत,' एवढंच ते सांगत राहिले. आणि वाडीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. म्हणजे आत्यानं साध्याभोळ्या भावाला तुरुंगात धाडलं, असा त्याचा अर्थ झाला.

पुढच्या जत्रेत तो सिनेमा आला. नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर आजही चार घरांत भांडणापायी चहा गार होईल. गँगस्टरांच्या सिनेमांत त्याला फार मानाचं पान मिळतं, एवढं पुरे. मंडईतला एक हमाल टोळीचा म्होरक्या होतो, माणसं मारतो आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना औषधंही आणून देतो. शेवटी सगळे पोलीस मागावर असताना तो बहिणीच्या घरी येतो. ती त्याला पाटावर बसवते, ताट वाढते आणि मागच्या दारानं पोलिसांना निरोप धाडते. त्याचा घास तोंडाशी असताना गोळी लागते. जत्रेत पडदा लावून सिनेमा दाखवणाऱ्या काकांकडं तेवढा एकच सिनेमा धड होता, त्यामुळे जत्रा आली की तोच यायचा, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात तेच भांडण. एक पक्ष म्हणायचा, बहिणीनं बरोबर केलं, आणखी किती मुडदे पडायचे? दुसरा म्हणायचा, बहिणीनं भावाला धरून द्यावं? ती बहीण कसली! गंमत अशी की या दुसऱ्या पक्षाचे पुढारी होते धोंडिबाआबा. स्वतःची मेंढरं आत्यामुळंच परत मिळालेला माणूस! "मेंढरं मिळाली ती मिळाली," ते म्हणायचे, "पर भाऊ त्यो भाऊ."

लहानपणी मी पण आबांच्याच पक्षात होते. माझे वडील घरी नव्हते, मी आणखी कुठल्या पक्षात जाणार? आत्या मात्र दरवर्षी संध्याकाळ झाली की घोंगडं घेऊन जत्रेला जायची आणि पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसायची. सगळी माणसं माना वळवून तिच्याकडं बघायची, ती पडद्याकडं. एकदा मी चिडून विचारलं, "कशाला जातेस गं? लोक तुलाच बोलतात, कळत नाही का?" ती म्हणाली, "कळतंय की. येरवी माझ्या मागं बोलत्यात. तितं पिच्चरचं नाव करून का हुईना, समोर बोलत्यात. बोलू दे. आत साठून ऱ्हायलं की माणूस आंबतं."

मी दहावीत असताना मात्र ती बोलली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही हॉटेलात चहा घेत होतो आणि आबांनी मुद्दाम मोठ्यानं सुरुवात केली, "असली बहीन असन्यापरीस बिनबहिनीचा बरा!" आत्यानं बशी खाली ठेवली. "आबा, तिनं पोलिसास्नी कळवलं, त्यात माझं काय म्हननं न्हाई. पर त्याला पोटभर जेवू द्यायचं व्हतं. आन मागल्या दारानं निरोप कशाला? भाऊ हाय आपला. त्याच्या तोंडावर सांगायचं आन संगं जायचं."

"आन त्यो आला नसता तर?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई आला तर न्हाई आला. पर बहिनीनं पाठीमागनं वार केला असं तरी त्याला वाटलं नसतं."

त्या दिवसापासून वाडीत तीन पक्ष झाले. तिसऱ्यात आत्या एकटीच होती. काही दिवसांनी मीही गुपचूप त्यात जाऊन बसले, कारण ती नाचणीची भाकरी मी डोळ्यांनी बघितली होती. पण मनात एक काटा राहिलाच. दादांना खरंच ठाऊक नसेल तर? मग सोबत गेली काय आणि पोटभर वाढलं काय, निर्दोष माणूस तो निर्दोषच. आत्याला मी हे कधी विचारलं नाही. तिनंही दादांच्या म्हणण्याला कुणासमोर कधी 'खोटं' म्हटलं नाही.

दादा सुटून आले ते अर्धे होऊन आले. टेम्पोचं नाव काढलं नाही. शेळ्यांमागं जायचे, पण हाक आत्यालाच मारावी लागायची, यांच्या घशातून आवाजच फुटायचा नाही. लग्नकार्यात मागच्या रांगेत, बैठकीत दाराजवळ. वाडीनं त्यांना एका शब्दानं कधी दुखवलं नाही आणि तेच त्यांना जास्त लागत असावं. आत्या त्यांच्यावर खेकसायची, त्यांची भाकरी थापायची, दोघं एका चुलीवर म्हातारे झाले. मला वाटायचं, हा माणूस असाच खाली मान घालून जाणार.

आत्याच्या तेराव्यानंतर पाहुणे पडवीत टेकले होते. दुपारची वेळ. पुण्याहून आलेल्या चुलतभावाच्या मोबाईलवर नेमका तोच सिनेमा निघाला, जेवणाचा प्रसंग. चुलतभाऊ लगेच बंद करत होता, पण आबांच्या कानावर सूर पडला आणि त्यांना राहवलं नाही. आता त्यांना नीट दिसत नाही, पण पक्ष शाबूत आहे. "हौसा गेली, तिला नावं न्हाई ठेवत," ते म्हणाले, "पर पिच्चरमधला त्यो तरी खरा गुन्हेगार व्हता. बहिनीनं जरा..."

"आबा." दारातून आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. दादा उभे होते. "पिच्चरचं नगा सांगू आता. माझं बोला. म्या हितंच हाय की."

दादा पुढं आले आणि सगळ्यांच्या मधोमध बसले. "कान म्या बघितले व्हते," ते म्हणाले. "गाडीत चढवतानाच बघितले. तुमचीच मेंढरं हायती, ठावं व्हतं मला. आक्काला बी ठावं व्हतं, धनगराचं पोर कान बघितल्याबिगर ऱ्हाईल व्हय? तुमी सगळी तिला एवढं बोलला, पर तिनं शेवटपातुर कुनाला सांगितलं न्हाई. माझी अब्रू तिनं ठेवली. आक्का बरोबर व्हती."

मला रडू आवरेना. मला सलणाऱ्या त्या काट्याचं उत्तर इतकी वर्षं आत्याजवळ होतं, आणि ते पोटात ठेवून ती लोकांचे बोल अंगावर घेत हिंडत होती. आबा हातानं जमीन चाचपायला लागले. मग बारीक आवाजात म्हणाले, "मंग म्या एवढी वर्सं उगाच भांडलो व्हय रे भिवा?"

"उगाच कशापायी?" दादा म्हणाले. "माझ्या बाजूनं भांडत व्हता तुमी."

आधी आबाच हसले. तोंडात दात नसलेलं ते हसू बघून मग सगळी पडवी हसली, बायका डोळे पुसत हसल्या. त्या घरात आत्या गेल्यानंतर पहिल्यांदाच कुणी हसलं. आबांनी चाचपत चाचपत दादांचा हात शोधला आणि धरून ठेवला. कुणीतरी चहा टाकला. दादा मधोमधच बसून राहिले, दाराकडं सरकले नाहीत.

उन्हं कलल्यावर मी भोरला निघायची तयारी करत होते. आत्याचं घोंगडं खुंटीवर तसंच होतं, ते दादांनी काढून खांद्यावर टाकलं. शेळ्या वरच्या टेपाडावर पांगल्या होत्या. त्यांना आत्याची हाक लागते. एकेकीला नाव घेऊन आणि एकेकीला शिवी घालून ती अशी ओरडायची की खालच्या गावात कळायचं, हौसाच्या शेळ्या घरी निघाल्या. दादा अंगणाच्या कडेला गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले. पहिली हाक घशातच अडकली. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि आत्याच्या सगळ्या शिव्यांसकट असे ओरडले, की पडवीतले आबा दचकून म्हणाले, "कोन रं त्यो?" मी म्हणाले, "दादा आहेत, आबा." वर शेळ्यांनी माना उचलल्या, क्षणभर ऐकलं आणि एकामागं एक खाली उतरायला लागल्या.