दोन घरांचं वर्षाचं भरणं

मंगळवारी आम्ही अमरावती सोडली. बाबा बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत आले. आई आली नाही. "मी फाटकापर्यंतच येईन," ती म्हणाली, आणि फाटकापर्यंत आली. रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. ती फाटकाची कडी लावत होती.

गाडी अकोल्याला थांबली तेव्हा सासूबाई आणि सुधीरचे मोठे भाऊ फलाटावर उभे होते. सुधीर म्हणजे माझा नवरा. सासूबाईंनी खिडकीतून डबा आत दिला. "पोचल्यावर पह्यले खाऊन घ्या, मंग फोन करा," त्या म्हणाल्या. त्यांच्या हिशेबात आयर्लंड शेजारच्या मूर्तिजापूरच्या थोडं पुढे असावं. भाऊजींनी विचारलं, "काय रे, तिकडचा एक युरो म्हंजे आपले किती?" सुधीरने सांगितलं. भाऊजींनी मनातल्या मनात गुणाकार केला. "तं मंग दोन वर्षांत बंगला!" ते म्हणाले, आणि गाडी हलली. आम्ही सगळे हसलो. आमची मुक्ता तेव्हा तीन वर्षांची होती. आम्ही हसलो म्हणून तीही हसली.

आम्ही का निघालो, हे आधी सांगायला हवं. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होते, घड्याळी तासिकांवर. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच पैसे, आणि तेही वर्ष सरल्यावर कधीतरी. नेमणूक दरवर्षी नव्याने. सुधीर पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायचा. तिघांचं पुण्यात भागत नव्हतं, म्हणून मी आणि मुक्ता अमरावतीत दोन खोल्या घेऊन राहत होतो, आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सुधीर महिन्यातून एकदा यायचा. मुक्ता त्याला ‘पुण्याचे बाबा’ म्हणायची, जणू आणखी कुठले बाबा असावेत.

त्या काळात आम्हाला कशाने तारलं असेल, तर आईच्या वर्षाच्या भरण्याने. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाचं भरतात. गहू, तुरीची डाळ, लाल मिरची, सगळं एकदम घ्यायचं, निवडायचं, गच्चीवर ऊन दाखवायचं. गव्हात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात, आणि मग पत्र्याच्या कोठ्यांत बंद. पुढे बाजारात भाव काहीही होवो, चूल विझत नाही. आई दोन कोठ्या भरायची. एक त्यांची, एक आमची. लग्न झालेल्या मुलीचं धान्य आई भरते, हे शेजारच्या मालतीकाकूंना कधी पटलं नाही. त्या कुंपणावरून विचारायच्या, "काहून वं, पोरीचं वर्षाचं मायच्या घरी भरते काय कोनी? जावयाले कमी पडते काय?"

आई सूप थांबवत नसे. "जावयाले नाई पडत," ती म्हणायची, "कालेजाले पडते."

मग सुधीरला डब्लिनजवळ काम मिळालं. कागदावरचा पगार आम्ही दोघांनी आळीपाळीने पुन्हा पुन्हा वाचला. गुणाकार आम्हीही केला. भाऊजींना हसण्याचा आम्हाला खरं तर काही अधिकार नव्हता.

इथे येऊन पहिल्या उन्हाळ्यात आम्ही काय केलं, ते ऐकाल तर तुम्हीही हसाल. आम्ही वर्षाचं भरलं. भारतीय दुकानात पिठाची मोठी पोती स्वस्त लागली होती. सुधीर म्हणाला, "बाजार महाग होऊन राहिला, घेऊन टाकू." इथे गहू मिळत नव्हता, म्हणून पीठच घेतलं. डाळही पोत्याने घेतली. जिन्याखालच्या कपाटात सगळं रचलं आणि त्या रात्री मला अनेक महिन्यांनी नीट झोप लागली. पीठ वर्षभर टिकत नसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईने पीठ कधीच भरलं नव्हतं. पण भीती वाटली की माणूस सवयीचंच काहीतरी करतो. इथली ओल भिंतीतून आत येते. श्रावणात पोतं उघडलं तर पिठाचे गोळे झालेले, जाळी धरलेली, आणि डाळीला वास. फोनवर सांगितलं तेव्हा आईने आधी किती पोती ते विचारलं. मग म्हणाली, "पीठ भरलं? शिकली कशाले मंग येवढी?" आणि हसू लागली. तिचं हसणं मला अजून ऐकू येतं.

अकोल्याची प्रज्ञा माझ्यासारखीच तासिकांवर शिकवते. ती मला अधूनमधून लिहिते. "मॅडम, खरं सांगा, परवडते का? का नुसते फोटोच?" तिला मी अर्धवट उत्तरं देत आले. आता पूर्ण देते, कारण तिच्यासारखे पुष्कळ जण हेच विचारतात.

प्रज्ञा, इथे आम्ही गरीब नाही. दूध, फळं, मुक्ताची शाळा, कशाचीच ददात नाही. पण पगाराचा मोठा भाग भाड्यात जातो, इतका, की उरलेल्याची पहिल्या तारखेलाच वाटणी झालेली असते. मुक्ता लहान होती तेव्हा पाळणाघराचे पैसे माझ्या पगाराहून जास्त झाले असते, म्हणून मी घरीच राहिले. आता मी एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना भरवते, आंघोळ घालते, त्यांच्या मुलांचे फोन आले की फोन त्यांच्या कानाशी धरते. इतिहास कुणी विचारत नाही. काही पैसे मागे पडतात, ही गोष्ट खरी. अमरावतीत तेही पडत नव्हते. पण ते एखाद्या आजारपणापुरते, एखाद्या तातडीच्या प्रवासापुरते असतात. सुधीरचं काम थांबलं तर आम्ही इथे किती दिवस राहू शकू, याचा विचार मी रोज करते आणि रोज अर्ध्यावर सोडते. तिथे असताना मला महिनाअखेरची भीती वाटायची. इथे तारीख नसलेली भीती वाटते.

गेल्या कार्तिकात आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही. बाबांनी फोन केला तेव्हा मी वृद्धाश्रमात एका आजीबाईंच्या पायांत मोजे घालत होते. दुसरा मोजा घालून झाल्यावर मी बाहेर गेले.

आम्ही तिघं जाऊ शकलो नाही. ऐनवेळची तीन तिकिटं काढली असती तर मागे टाकलेलं सगळं संपलं असतं. मी एकटी गेले. मी पोचण्याआधी अंत्यविधी झाला होता. बाबा ओसरीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "मुक्ता नाई आली?" एवढंच. मी बॅग ठेवून त्यांच्याशेजारी बसले.

तेरवीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकासाठी गहू काढायला मी मधल्या खोलीत गेले. दोन्ही कोठ्या जागेवर होत्या. एक अर्धी रिकामी होती. दुसरीचं झाकण उघडलं तर ती काठोकाठ भरलेली, वर कडुनिंबाचा वाळका पाला. मला वाटलं, आईने सवयीने जास्त घेतलं असेल. मालतीकाकू मागे उभ्या होत्या.

"ते तुमचं हाय," त्या म्हणाल्या. "दरसाली भरे. म्या म्हणो, अवं माय, ते तं विमानातून फिरून राहिले, त्याइले तुया गव्हाची काय गरज? तं म्हणे, परत आले तं आल्या आल्या खायले पायजे ना. दुसरं साल लागलं की हे जुनं उपसे आन् मोझरीच्या आश्रमात अन्नदानाले देऊन ये. आन् पुन्हा नवं भरे."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग, गप्प राहवेना म्हणून असेल, म्हणाल्या, "गहू मात्र तुई माय चांगला पाहूनच घे हो. दुकानदाराले रडवे."

म्हणजे आम्ही इथून फोटो पाठवत होतो, बागेतले, बर्फातले, आणि आई ते शेजारणींना दाखवत होती, आणि दर वैशाखात आमचं सगळं फसण्याची तयारी करत होती. तिने मला हे कधी सांगितलं नाही. मला घाबरवायचं नव्हतं तिला. आणि मी तिला माझी भीती सांगत नव्हते, त्याच कारणासाठी. तेरवीचा स्वयंपाक आम्ही त्या कोठीतल्या गव्हाचा केला. उरलेला मोझरीला पाठवला.

इथे परत आल्यावर, माघात, आमच्या घराचा मालक भेटायला आला. मोठा सभ्य माणूस. स्वयंपाकघरात उभा राहिला, चहा नको म्हणाला. त्याला घर विकायचं होतं. कायद्याने द्यायची ती मुदत त्याने दिली. उन्हाळा संपेपर्यंत आम्हाला निघायचं होतं. जाताना त्याने मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला आणि सॉरी म्हणाला. तो गेल्यावर सुधीरने शेगडी पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

त्यानंतरचे महिने घरं पाहण्यात गेले. एकेका खोलीसाठी बाहेर रांग. आमच्यासारखीच माणसं, हातात कागदांची फाइल, अंगावर इस्त्रीचे कपडे, मुलांना गप्प बसायला शिकवलेलं. आम्ही देत होतो त्या भाड्यात आता त्या भागात काहीही मिळत नव्हतं. मी सुधीरला म्हटलं, आपण परत जाऊ. अमरावतीत घर आहे. बाबा एकटे आहेत. भाडं द्यायचं नाही, तू काम घरून मिळतं का बघ, मी शिकवण्या घेईन. मी हे इतक्या वेळा म्हटलं की सुधीर शेवटी म्हणाला, "बाबांना विचार. ते ये म्हणाले तर जाऊ." तो हे मनापासून म्हणाला. मला त्याच क्षणी हलकं वाटलं. बाबा नाही कसं म्हणतील?

चैत्रातल्या एका रविवारी मी फोन लावला. बाबा गच्चीवर होते, उन्हात, डोक्याला रुमाल. त्यांनी फोन फिरवून दाखवला. सतरंजीवर गहू वाळत होता. थोडासाच. सतरंजीचा एक कोपराही भरला नव्हता.

"बाबा, हे एवढंच?"

"हो. यंदा एका मानसाचंच भरलं."

मी फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिलं.

"मंग काय करू?" ते म्हणाले. "तुया मायसारखं तुमचं भरू? ते मोझरीले कोन नेऊन देईन? माये गुडघे पाह्य."

मग मी सगळं सांगितलं. घराचं, रांगांचं, परत येण्याचं. बाबा ऐकत राहिले. एस.टी.च्या डेपोत त्यांनी जन्मभर खिडकीमागे बसून लोकांच्या तक्रारी ऐकल्या, तसेच, मध्ये न बोलता. मी संपवल्यावर त्यांनी गव्हातून हात फिरवला, खालचा गहू वर आणला.

"इथं घर हाय, काम नाई," ते म्हणाले. "तिथं काम हाय, घर नाई. कामाच्या जागी घर भेटते कधीतरी. घराच्या जागी काम नाई भेटत, बाई. तू तं पाहून झाली ना."

"पण तुम्ही एकटे..."

"मी एकटाच हावो. तुमी आले तरी तुई माय येत नाई." डोक्याचा रुमाल सारखा करत म्हणाले, "तुमी इथं आले आन् माया पेन्शनवर बसले, तं मले झोप लागीन काय? मी गेल्यावर पेन्शन बंद. मंग? पोरीले काय तासिका खाऊ घालशीन?"

मला वाटलं होतं, त्यांना माझी गरज आहे आणि मी जाऊ शकत नाही, हीच माझी भीती आहे. त्या दिवशी कळलं की आमचं परत येणं हीच त्यांची भीती आहे, आणि आम्हाला परत येऊ द्यायचं नाही, हे त्यांनी गहू घेतानाच ठरवून टाकलं होतं. आईने आम्हाला परतीची जागा राखून ठेवली होती. बाबांनी ती काढून घेतली, आमच्याच भल्यासाठी. दोघांपैकी कोण चुकलं, मी सांगू शकत नाही. मी फोन ठेवून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. मुक्ताला आवाज जाऊ नये म्हणून.

प्रज्ञा, तू विचारलंस, परवडतं का. गुणाकार बरोबर येतो. त्यात जे धरता येत नाही, त्याची किंमत मला अजून कळलेली नाही, आणि कळेल तेव्हा ती देऊन झालेली असेल. तू ये किंवा येऊ नकोस. पण कुणी बंगल्याचं गणित सांगितलं तर त्याला भाडं विचार. आणि आईवडिलांना विचार की ते कशाला घाबरतात. आम्ही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही नव्या घराच्या करारावर सही केली. घर शहरापासून लांब आहे. सुधीरला कामावर जायला दोन गाड्या बदलाव्या लागतील. भाडं जुन्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. अनामत भरल्यावर मागे पडलेलं काही उरलं नाही, त्यामुळे यंदा अमरावतीला जाणं होणार नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, घर भेटलं."

बाबा अमरावतीत आहेत. आम्ही इथे आहोत. मध्ये तिकिटाएवढेही पैसे नाहीत.