उलट्या आट्यांचा स्क्रू

मशीनवाल्या काकांच्या पायाला भिंगरी होती. चाळीस वर्षं लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त केली, पण कुणाच्या घरी खुर्चीला पाठ टेकून बसले असतील तर शपथ. उभ्याउभ्या चहा, उभ्याउभ्या गप्पा, आणि डोळे सारखे शोधत असायचे, इथे काय सैल आहे, तिथे काय खडखडतंय. चांगल्या चालणाऱ्या मशीनलाही कान लावून म्हणायचे, "अजून थोडं हलकं करता येईल." बायका काकुळतीला यायच्या, "काका, चाललंय ना, चालू द्या की!" पण ऐकतील तर ते काका कसले?

अशा माणसाच्या हाती ब्लॉग पडला म्हणजे काय होणार, तुम्हीच सांगा.

ब्लॉग सुरू केला नऊ वर्षांपूर्वी, आणि तो मुळात स्वतःच्या सोयीसाठी. एखादं अवघड किंवा जुनं मशीन उघडलं, की घरी येऊन त्याची सगळी हकीकत लिहायची, आणि एकदा लिहिली की डोक्यातून साफ पुसून टाकायची. "लिहिलंय ना? मग डोक्यात गर्दी कशाला?" असा त्यांचा हिशेब. लिहायचेही बोलल्यासारखं. मशीन टाका का सोडत होतं ते असायचंच, पण मालकिणीचं मांजर सुट्या भागांवर कसं येऊन बसलं तेही असायचं, आणि दर दोन-चार ओळींनी काकू असायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. काकू असं म्हणाली, काकूने डोळे वटारले, काकूने माझा चष्मा फ्रीजमध्ये शोधून काढला. लिहून झालं की काका येरझाऱ्या घालत ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि काकू कपड्यांच्या घड्या घालत ऐकायच्या. "माझी बदनामी करायला तुम्हाला एवढं जग लागतं होय?" असं म्हणायच्या खऱ्या, पण मधेच उठून कधी गेल्या नाहीत.

हळूहळू लोक वाचायला लागले. शिवणकाम करणाऱ्या बायका, दूरदूरच्या गावांतले नवे मेकॅनिक. कुणी धन्यवाद लिहायचं, कुणी शंका विचारायचं, आणि निम्मे लोक शेवटी लिहायचे, "काकूंना नमस्कार."

सगळं छान चाललं होतं. तेच तर दुखणं! चाललेलं काकांना बघवत नाही.

या वर्षी त्यांना ब्लॉगच्या मागच्या पानावर आकड्यांचा एक तक्ता सापडला. किती लोक आले, कुठून आले, किती वेळ थांबले. सरासरी चाळीस सेकंद. काका चाट पडले. आपण दोन-दोन तास खपून लिहितो आणि लोक चाळीस सेकंदांत पळतात? डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. जेवताना चाळीस सेकंद, दाढी करताना चाळीस सेकंद. भाची संगणकाच्या कंपनीत होती, तिला फोन लावला. ती बिचारी घाईत होती. म्हणाली, "मामा, लोकांना वेळ नसतो. मुद्द्याचं तेवढं ठेव, बाकीचं काढ." आणि मीटिंगला गेली.

तिने आपलं बोलता बोलता सांगितलं, यांनी ते कामच काढलं! दोनशे बारा लेख होते. तीन महिने काका रोज सकाळी कात्री घेऊन बसत होते. मांजरं गेली, मालकिणी गेल्या, चहा गेला, गप्पा गेल्या. उरल्या पायऱ्या: एक, दोन, तीन, चार. वरचं चित्र बदललं, अक्षरं बदलली, निळ्याचं करडं केलं आणि करड्याचं पुन्हा निळं. पानाच्या तळाशी स्वतःचा फोन नंबर होता तो काढून तिथे एक फॉर्म बसवला, कारण सगळे बसवतात म्हणे. आणि काकू? काकू तर पहिल्याच आठवड्यात गेली. मशीनच्या लेखात बायकोचं काय काम?

मोठ्याने वाचून दाखवणंही बंद पडलं. "एक, मशीन आडवं करा" हे काय वाचून दाखवायचं? काकूंनी एकदाच विचारलं, "हल्ली वाचत नाही ते?" काका म्हणाले, "अगं, त्यात आता ऐकण्यासारखं काही नाही." "बरं," म्हणाल्या आणि घड्या घालत राहिल्या. काकांच्या काही लक्षात आलं नाही. लक्ष होतं कुठे? तक्ता आता बेचाळीस सेकंद दाखवत होता.

तर त्या दिवशी सकाळी काकू कामावर गेल्या. दोन गल्ल्या सोडून डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथे एक वाजेपर्यंत नावनोंदणीच्या खिडकीवर त्या बसतात. काका संगणकापुढे होते आणि मथळे ठळक करावेत की तिरपे, या विवंचनेत त्यांचे दोन तास गेले. अकरा वाजता मेल उघडली तर त्यात तीन प्रतिक्रिया येऊन पडलेल्या. तिन्ही एकाच बाईच्या, तिन्ही हिरव्या मशीनच्या लेखावर.

पहिली नऊची. "काका, मी शाळेचे गणवेश शिवते. हिरवं मशीन अडकलंय. तुमच्या चौथ्या पायरीतला मागचा मोठा स्क्रू निघत नाही."

दुसरी सव्वादहाची. "बराच जोर लावला. आणखी घट्ट झाला वाटतं."

तिसरी नुकतीच आलेली. "शेजाऱ्यांचा मोठा पाना आणलाय. सोमवारी शाळा सुरू होतेय, चोवीस गणवेश राहिलेत. मशीन एवढं एकच आहे. लावू का जोर?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हिरवं मशीन म्हणजे बंद पडलेल्या कंपनीचं, त्याचे सुटे भाग आता औषधालाही मिळत नाहीत. तो स्क्रू आत तुटला तर मशीन भंगारात जाणार आणि त्या बाईचा धंदाही त्याच्याबरोबर. त्यांनी घाईघाईने लिहिलं, "पाना खाली ठेवा! हात लावू नका! मला फोन करा," आणि नंबर दिला. फॉर्म गेला खड्ड्यात.

मग त्यांनी स्वतःचाच लेख उघडला. हिरवं मशीन त्यांनी आयुष्यात एकदाच खोललं होतं, आठ वर्षांपूर्वी. "४. मागच्या बाजूचा मोठा स्क्रू काढा." झालं. पुढे पाचवी पायरी. पण त्या स्क्रूचं काहीतरी होतं! नक्की होतं. त्याच्या आत दुसरा बारीक स्क्रू लपलेला होता का? तो तापवावा लागत होता का? की उलट्या आट्यांचा होता? तीन शक्यता, आणि दोन चुकीच्या. हाताला काहीतरी आठवत होतं, डोक्याला काही केल्या आठवेना. लिहून पुसून टाकलेलं होतं ना! आणि लिहिलेलंही त्यांनी स्वतःच पुसलं होतं.

खाली जुन्या प्रतिक्रिया तशाच होत्या, त्यांना कात्री लागली नव्हती. काका अधाशासारखे वाचायला लागले. "हसून हसून पुरेवाट! हा स्क्रू आता जन्मात विसरणार नाही." दुसरी, "काकूंना नमस्कार. त्यांच्यामुळे माझं मशीन वाचलं." तिसरी, "बिचाऱ्या काकू!"

काकूंमुळे? काकूंचा आणि स्क्रूचा काय संबंध?

तेवढ्यात फोन वाजला. "काका, मी पान्यावाली." आवाज रडवेला होता. "सांगा ना, काय करू?"

"थांबा. फोन ठेवू नका," काका म्हणाले आणि तसेच निघाले. एका पायात घरातली सपाट चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. काकू कामावर असताना फोन उचलत नाहीत, तेव्हा जाण्यावाचून इलाज नव्हता. वाटेत ती बाई विचारतेय, "काका, तुम्ही पळताय का?" आणि काका धापा टाकत म्हणताहेत, "नाही हो, मशीनचाच विचार करतोय."

दवाखान्यात ही गर्दी. कुणाच्या डोळ्यात औषध, कुणाच्या डोळ्यावर पट्टी, सगळे आपले माना वर करून बसलेले. काका रांग मोडून थेट खिडकीशी.

काकूंनी वर पाहिलं. आधी नवऱ्याचा चेहरा, मग चपला. "काय झालं? कुणाला काही झालं का?"

"कुणाला नाही. अगं, हिरवं मशीन. त्या लेखात मी तुझ्याबद्दल काय लिहिलं होतं?"

"अहो, ही काय वेळ आहे? रांग बघा."

"सांग गं! एका बाईचं मशीन मोडेल. त्या स्क्रूबद्दल काहीतरी होतं. तू होतीस त्यात."

काकूंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "होते," त्या म्हणाल्या. "आता नाहीये. गेल्या महिन्यात बघितलं मी."

काकांना वाटलं होतं, काकू ब्लॉग वाचत नाहीत. फोनमधून बारीक आवाज आला, "काका, आहात ना?"

काकूंनी एक श्वास घेतला आणि भरल्या दवाखान्यासमोर, पाठ केलेला धडा म्हणावा तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "'मागचा मोठा स्क्रू अगदी आमच्या हिच्यासारखा आहे. सगळं जग डावीकडे फिरवल्यावर सैल होतं, हा उजवीकडे फिरवल्यावर होतो. जोर कराल तर आणखी घट्ट बसेल आणि मग दोन दिवस बोलणार नाही. तेलाचं बोट लावा, दहा मिनिटं वाट बघा, आणि गोडीगुलाबीने उलटा फिरवा.'"

बाकावरचा पट्टीवाला म्हातारा खो-खो हसला. औषधवाल्या दोघी हसल्या. काकू हसल्या नाहीत.

"ऐकलंत?" काका फोनवर ओरडले. "तेल घाला. दहा मिनिटं थांबा. मग उजवीकडे. उजवीकडे!"

"ऐकलं," बाई म्हणाली. "घालते तेल."

आयुष्यात एवढी लांबलचक दहा मिनिटं काकांनी पाहिली नव्हती. दारापर्यंत जाऊन आले, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले, भिंतीवरचा लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता वाचून काढला. खिडकीवर काकू नाव, वय, पत्ता विचारत होत्या, आणि काकांकडे बघत नव्हत्या. फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज. काकांचा जीव वर-खाली होत होता. बाईने आधीच पिळून ठेवलेला स्क्रू, आता सुटेल की तुटेल, कुणी सांगावं?

मग खट्कन आवाज आला. पाठोपाठ काहीच नाही. काकांनी डोळे मिटले.

"सुटला!" बाई किंचाळली. "काका, सुटला हो! अख्खा निघाला!"

काकांचा जीव भांड्यात पडला. पायरी पाच, पायरी सहा त्यांनी उभ्याउभ्या सांगितल्या. शेवटी मशीनची टकटक फोनमधून ऐकू आली, हलकी, सरळ. आणि बाईने विचारलं, राग नव्हता तिच्या आवाजात, आपलं सहज विचारलं, "पण काका, हे तुम्ही लेखात का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं," काका म्हणाले. "मला वाटलं, फालतू आहे."

फोन ठेवला. रांग जरा कमी झाली होती. काका खिडकीशी गेले.

"तुला शब्दन् शब्द पाठ आहे," ते म्हणाले.

"दोन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी त्यावरून. पाठ नसेल तर काय?" काकूंनी पुढच्या माणसाचा कागद घेतला. "मग त्या बायकांचे नमस्कार यायला लागले. मला आवडायचं ते."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कधी?"

काका खिडकीची कड बोटाने घासत राहिले. "बाकीचे लेखही आठवतात तुला?"

"सगळे कसे आठवतील? जिथे मी होते तेवढे."

"किती असतील?"

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "काढताना मोजले नाहीत?"

मागचा माणूस खाकरला. काकू त्याला म्हणाल्या, "नाव सांगा," आणि लिहायला लागल्या.

काका बाजूला झाले. घरी जाऊन लगेच संगणक उघडावा, सगळं परत घालावं, असं एकदा मनात आलं आणि पाय दाराकडे वळलेही. पण परत घालणार काय? जे घालायचं ते तर खिडकीच्या आत बसलेलं होतं, आणि त्याची सुटी एक वाजता होती.

मग ते पट्टीवाल्या म्हाताऱ्याच्या शेजारी बाकावर बसले. "तुमचा कितवा नंबर?" म्हाताऱ्याने विचारलं. "शेवटचा," काका म्हणाले. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि एक वाजेपर्यंत तिथून हलले नाहीत.