एकच हाय

ज्ञानूभाऊंच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचंच नाव चुकवलंय.

माणूस गेला तो ज्ञानेश्वर. कागदावर मेला तो 'ग्यानेश्वर'.

आज त्यांची तेरवी. पानावरून अर्धवट उठले आणि घरी येऊन ही पोस्ट लिहितेय. कोणाला राग आला तर येऊ द्या. मला कालपासून आलेलाच आहे.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्ञानूभाऊ हिंगणघाटला आमच्या कॉलेजात क्लार्क होते. मी तिथेच लायब्ररीत. वीस वर्षं आम्ही एकाच थर्मासमधला चहा प्यायलो.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. साहेब म्हणाले, "ज्ञानेश्वररावांना कॉम्प्युटरचा छंद होता."

छंद?

छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवणं, साहेब. हा माणूस चाळिशीनंतर मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून प्रोग्रामिंग शिकला. कोणी शिक म्हटलं नव्हतं, कोणी शाबासकीही दिली नाही. ऑफिसनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यांनी झाडूनपुसून सुरू केला आणि त्यावर स्वतःच्या स्क्रिप्ट लिहिल्या.

स्क्रिप्ट म्हणजे छोटासा प्रोग्राम. सांगितलेलं एक काम करतो, बाकी नखरे नाहीत.

एक स्क्रिप्ट लाईन, म्हणजे वीज, किती वाजता गेली ते टिपून ठेवायची. दोन महिने ते पाहून भाऊ मला म्हणाले, "ताई, बुधवारी पोराइचे फॉर्म अकराच्या आंधी भरून घेत जा. बुधवारी लाईन जातेच."

आणि जायचीच.

पण त्यांची खरी स्क्रिप्ट दुसरीच. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'एकच हाय'.

आपल्याकडे नावांची काय गत असते ते माहीतच आहे तुम्हाला. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर डी-एन-वायनं सुरू होतो. रेशन कार्डावर जी-वायनं. बोलताना आपण सगळे ग्यानेश्वरच म्हणतो, तोंडात अर्धी हिंदी, आणि टाइप करणारा ऐकेल तसं बडवतो. मग ऑनलाइन फॉर्म म्हणतो, ही दोन माणसं आहेत. रिजेक्ट!

भाऊंनी आपल्या भागातल्या असल्या नावांची यादीच केली. पोराचा फॉर्म अडकला की यादीत एक ओळ वाढायची. दोन्ही स्पेलिंगं टाकली की स्क्रीनवर यायचं, 'एकच हाय'. नाहीतर, 'दोघं हायेत, नीट पाह्य'. एकच असलं तर खाली अर्ज तयार. कुठल्या कागदावर काय लिहिलंय, कोणत्या टेबलावर न्यायचा, सगळं त्यात.

गिरडकडची एक मुलगी होती, आडनाव मडावी. मार्कशीटवर डब्ल्यू, जातीच्या दाखल्यावर व्ही. नर्सिंगच्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस आणि पोरीला तीन ठिकाणांहून परत पाठवलेलं. रडून डोळे सुजले होते तिचे.

"काऊन रडून राह्यली वं? नाव तुह्यं बरोबर हाय. कागदंच येडे हायेत."

दहा मिनिटांत अर्ज तिच्या हातात. आज ती सेवाग्रामला नर्स आहे.

कोडच्या मध्ये मध्ये भाऊ स्वतःसाठी शेरे लिहायचे. त्या पोरीच्या आडनावासमोरचा शेरा मी वाचलाय.

'पोरीले तीन खेपा झाल्या. लाज वाटली पाह्यजे आपल्याले.'

आपल्याले! चूक भलत्याचीच आणि लाज ह्यांना.

आणि आम्ही काय म्हणायचो? टाईमपास. "भाऊचा टाईमपास चालू आहे." साहेब म्हणायचे, शिपाई म्हणायचा, मीही म्हणायचे. ॲडमिशनची गर्दी झाली की मात्र सगळ्यांची बोटं भाऊंच्या टेबलाकडे.

काल वहिनी, भाऊंच्या पत्नी, तो मृत्यूचा दाखला घेऊन कॉलेजात आल्या. नाव दुरुस्त करून मागितलं तर नगरपालिकेच्या खिडकीवरचा माणूस त्यांना म्हणाला होता, "रेशन कार्डाशी जुळते ना बाई. शाळेच्या दाखल्यावरचा तुमचा नवरा दुसराच असंन."

नवरा दुसरा! त्या बाईचा नवरा जाऊन बारा दिवस झालेत! जीभ कशी झडली नाही त्याची?

वहिनी मला म्हणाल्या, "ताई, ह्याइचा तो 'एकच हाय'वाला कागद निंगते ना, तेवढा काढून द्या. मंग मले कोनाच्या हातापाया पडा लागत नाई."

'बघते' म्हणून मी त्यांना घरी पाठवलं.

कारण पाचव्याच दिवशी भाऊंच्या खुर्चीवर नवा ऑपरेटर बसला. पाचव्या! खुर्ची गार तरी होऊ द्यायची. भाऊंचा तो कॉम्प्युटर पुसून फॉरमॅट करायचा होता. त्या बिचाऱ्यानं रीतसर विचारलं, "मॅडम, याच्यात काही कामाचं हाये का?"

मलाच विचारलं.

मी म्हणाले, "नाई रे. तो भाऊचा टाईमपास. उडव."

उडवलं त्यानं. एक कॉपी ठेवलेली नाही.

एवढा वेळ साहेबांवर ओरडले, खिडकीवाल्याला शिव्या घातल्या. आणि भाऊंचं काम पुसायला सांगितलं ते मी. त्या दोघांना निदान माहीत तरी नव्हतं. मी तो शेरा वाचला होता.

वहिनींना अजून सांगितलेलं नाही. आज तेरवीला त्या मला आग्रह करून वाढत होत्या आणि माझी हिंमत झाली नाही. त्या हे वाचतील, नाहीतर कोणी वाचून दाखवेल. म्हणून तर इथे लिहितेय.

अर्ज मी हातानं लिहिलाय. कोणत्या टेबलावर न्यायचा तेही मला ठाऊक नाही. सोमवारी वहिनींसोबत जाते. हाकललं तर मंगळवारी जाते.

भाऊंनी तुमच्यापैकी कोणाला ती स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर दिली असेल, तर पाया पडते, मला कळवा. पोरांचे फॉर्म पुढच्या वर्षीही अडकणारच आहेत.

श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही, ज्ञानूभाऊ.

चुकलं माझं. सुखानं जा.