भोयरची लाल रेषा

बाकीच्या कचेऱ्यांत फायली साचतात, आमच्या पूररेषा कक्षात किस्से. चहाच्या टपरीवर दोघं जण उभे राहिले की एकातून दुसरा निघतो. वाईट एवढंच, की प्रत्येक किश्श्यात शेवटचं वाक्य भोयरचं असतं. तो कुहीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, डिप्लोमावाला. मी एम.टेक. आमचं काम एकच. नागपूर नदीकाठानं पसरत चाललंय, तर मोठ्या पुराचं पाणी कुठवर येईल ती लाल रेषा नकाशावर आखायची आणि तिच्या आतल्या लोकांना वेळेवर सावध करायचं.

मला भोयरचा हेवा वाटतो. सांगून टाकलेलं बरं, ऑफिसात सगळ्यांना ठाऊकच आहे.

* * *

मागच्या पुरात पाणी किती चढलं होतं, हे आम्ही घरोघरी विचारत फिरत होतो. ज्याला प्लॉट विकायचा होता तो म्हणे घोट्याइतकं. ज्याला दारापुढे संरक्षक भिंत हवी होती तो म्हणे छातीइतकं. मी दोघांची सरासरी काढून ‘गुडघाभर’ असं लिहिलं. इंजिनिअर आहे शेवटी!

भोयर थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. “काकू, कोणत्या फळीवरची डाळ भिजली?”

“दुसरीवरची भिजली. तिसरीवरचा गूळ वाचला बाप्पा.”

भोयरनं टेप लावून फळी मोजली, मग घरोघरी तेच केलं. त्या वस्तीतल्या सगळ्या घरांचा आकडा बोटभर फरकानं जुळला. हे मला का सुचलं नाही, या विचारानं मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

* * *

एक लेआउटवाले शेठ आले. रेषा त्यांच्या प्लॉटांतून जात होती, ती थोडी सरकवून हवी होती. मी त्यांना लॅपटॉपवर नदीचा उतार, पात्राची रुंदी, सगळं समजावलं. शेठ जांभया देत होते.

भोयरनं लाल पेन्सिल त्यांच्या हातात दिली. “तुम्हीच आखा ना भाऊ. फक्त पुराच्या दिवशी त्या रेषेवर खुर्ची टाकून बसा.”

शेठ पेन्सिल टेबलावर ठेवून निघून गेले. साहेबांनी तो किस्सा तीन मीटिंगांत सांगितला. माझ्या लॅपटॉपचा उल्लेख एकदाही झाला नाही.

* * *

मग रेषा ठरवायची मीटिंग झाली. मी जुन्या पावसाच्या नोंदींवरून मॉडेल बनवलं होतं. भोयरची रेषा माझ्यापेक्षा दोन गल्ल्या आत वस्तीत शिरत होती.

“जुना पाऊस आता कुठं राहिला सर?” तो म्हणाला. “महिन्याचा पाऊस एका दिवसात येऊन राहिला. वर शेतं होती तिथं सिमेंट झालं. पाणी मुरन कुठं?”

त्या दोन गल्ल्यांपैकी एकीत माझं घर आहे. घरासाठी मी भांडलो असं लोक म्हणतात. खोटं आहे. ती रेषा भोयरची होती म्हणून भांडलो. मनातून मला त्याचं म्हणणं पटलं होतं, तरी मी तासभर आकडे फेकले आणि साहेबांनी माझी रेषा मंजूर केली. आनंदात मी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. भोयरनं दोन प्लेटी खाल्ल्या आणि मनापासून अभिनंदन केलं. एकदा तरी त्यानं जळायला हवं होतं.

* * *

ऑगस्टात दोन दिवस झड लागली. इशाऱ्याचे मेसेज माझ्या रेषेपर्यंतच्या घरांना गेले, तिच्यापलीकडे कुणालाच नाही. मी आदल्या सकाळपासून कंट्रोल रूममध्येच होतो; दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यानं माझी रेषा ओलांडल्याचं कळलं. घरी बायको आणि आई होती. फोन लावला, तर बायको निवांत.

“काहून घाबरता? सामान कालच माडीवर चढवलं. आईले वर नेलं. साऱ्या गल्लीनंच हलवलं.”

“पण आपल्या गल्लीला तर मेसेजच नव्हता!”

“भोयर भाऊजीले फोन करून विचारलं होतं मी.”

“घरात मी आहे ना? मला का नाही विचारलंस?”

“तुम्हाले काय विचारू? तुम्ही तुमचीच रेषा सांगतली असती.”